आंगठा पुरस नही

खिशातलं यंत्र : भाग ६

केळीच्या बागेत काम करणाऱ्याचे दोन्ही हात क्वचितच मोकळे असतात. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याकडे पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापताना, सुकलेली पानं उतरवताना हाताला चीक लागतो. त्या चिकाचा काळा डाग कपड्यावरून धुऊन जात नाही, मग फोनला कोण लावून घेईल? त्यामुळे एका हातात विळा आणि दुसऱ्या, कोरड्या हातात फोन, असं काम चालतं. ज्या हातात फोन, त्याच हाताच्या अंगठ्याने तो चालवायचा. फोन लहान होते तोवर हे सहज जमायचं. आता वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबायला अंगठा ताणला की फोनच तळहातातून निसटायला लागतो. धुळ्याकडचा माणूस हे दुखणं अहिराणीत तीन शब्दांत सांगतो : आंगठा पुरस नही.

अंगठा का पुरत नाही, याचं उत्तर साध्या भूमितीत आहे. दुकानदार स्क्रीनचं माप इंचात सांगतो ते कर्णाचं, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचं. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा स्क्रीन साडेतीन इंची होता. त्याची उंची सुमारे ७.४ सेंटिमीटर आणि रुंदी ४.९ सेंटिमीटर भरते. आज सर्रास मिळणाऱ्या ६.७ इंची, २०:९ प्रमाणाच्या स्क्रीनची उंची सुमारे १५.५ सेंटिमीटर आणि रुंदी ७ सेंटिमीटर आहे. म्हणजे उंची दुपटीहून जास्त झाली. मधल्या काळातला साडेपाच इंची फोन घेतला तर आणखी एक गोष्ट कळते. त्याची रुंदीही सात सेंटिमीटरच्या आसपासच होती, उंची मात्र बारा. थोडक्यात, गेल्या काही वर्षांत फोन फारसा रुंद झालेला नाही, तो लांब झाला आहे. मुठीत तो अजूनही मावतो, म्हणून दुकानात हातात घेऊन पाहताना काही खटकत नाही. खटकतं ते घरी आल्यावर.

अंगठा मुळाशी बांधलेला असतो. तो सरळ वर सरकत नाही, कर्कटकासारखी कमान काढतो. फोन उजव्या हातात असेल तर त्या कमानीपासून सर्वात दूर राहतो तो वरचा डावा कोपरा, आणि डाव्या हातात असेल तर वरचा उजवा. आता कुठलंही जुन्या घडणीचं अ‍ॅप उघडून पाहावं. तीन आडव्या रेघांचा मेनू वर डावीकडे, शोधायचं भिंग आणि तीन ठिपके वर उजवीकडे. ही मांडणी संगणकाच्या पडद्यावरून आली. तिथे हातात माऊस होता आणि वरचा कोपरा गाठायला मनगटाची एक हालचाल पुरे व्हायची.

पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेला नियम आजही पडद्यावरच्या मांडणीसाठी पायाभूत मानतात : लक्ष्य जितकं जवळ आणि जितकं मोठं, तितका हात तिथे लवकर आणि अचूक पोहोचतो. खळ्यावर धान्य पाखडणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही; सूप, पाटी, पोतं सगळं हाताच्या टप्प्यात मांडूनच ती कामाला बसते. फोनच्या बाबतीत ती मांडामांड दुसऱ्याच कुणीतरी, दूर कुठेतरी बसून केलेली असते.

लोक फोन प्रत्यक्षात कसा धरतात, हे रस्त्यावर, थांब्यांवर पाहून नोंदवणारा अभ्यास स्टीव्हन हूबर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या १,३३३ निरीक्षणांपैकी जे स्क्रीनला स्पर्श करत होते, त्यांतले ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्या हाताने, आणि १५ टक्के दोन्ही अंगठ्यांनी. तेव्हाचे फोन लहान होते, त्यामुळे हे आकडे आजच्या फोनला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आजही खरी आहे. माणूस एकाच पकडीला चिकटून राहत नाही. हात बदलतो, पकड वर-खाली सरकवतो, करंगळीचा आधार देतो. जळगावहून एरंडोल, पारोळ्यामार्गे धुळ्याला जाणाऱ्या एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला मात्र ही मुभा नसते. त्याचा एक हात वरच्या दांडीला असतो.

शेतकऱ्याची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण त्याला आता शेतात उभं राहूनच फोनवर काम करावं लागतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, आपल्या गटात जाऊन, पिकाच्या फोटोसह करायची. गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख असं एकेक भरत जायचं. ही सोय मोलाची आहे. नोंद कुणी केली आणि कधी केली, याचा पुरावा शेतकऱ्याच्या हातात आला. पण खरिपाची नोंद म्हणजे पावसाचे दिवस. पायाखाली चिखल, एका हातात छत्री किंवा काठी, बोटं ओली. आजचा स्क्रीन बोटाच्या विद्युत गुणधर्मावरून स्पर्श ओळखतो, त्यामुळे पाण्याचा थेंब पडला तरी तो गोंधळतो. अशा वेळी वरचा कोपरा गाठणं फारच अवघड.

तारखेचंच पाहावं. जळगावात केळीची लागवड मुख्यतः दोन हंगामांत होते : पावसाच्या तोंडाला मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपास कांदेबाग. कांदेबागेची तारीख पुढच्या ऑगस्टमध्ये फोनवर भरायची म्हणजे नऊ-दहा महिने मागे जायचं. अँड्रॉइडच्या नेहमीच्या कॅलेंडरात महिना मागे नेणारा बाण बारीक असतो, आणि वर्ष बदलायचं तर वर लिहिलेल्या वर्षाच्या आकड्यावर टेकवायचं असतं. तो आकडा म्हणजे बटण आहे, हे बघून कुणाच्या लक्षात येणार? अशा ठिकाणी महिन्यांची साधी यादी तळाशी उघडली तर काम दोन स्पर्शांत होईल. मांडणी करणाऱ्याने एक दिवस बांधावर काढला तर हे त्याच्या लगेच ध्यानात येईल.

कंपन्यांना ही अडचण समजायला वेळ लागला. २०११ साली सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट आणला तेव्हा लोकांना तो अवाढव्य वाटला होता. २०१४ साली अ‍ॅपलने आयफोन ६ आणि ६ प्लस मोठे केले आणि सोबत एक युक्ती दिली : होम बटणावर दोनदा हलकेच टेकवलं की सगळा स्क्रीन खाली सरकतो आणि वरची बटणं अंगठ्याजवळ येतात. युक्ती उपयोगी आहे, पण ती ठिगळ आहे. मांडणी जुनीच ठेवून ती खाली ओढायची, एवढंच. खरा बदल २०१८ च्या अखेरीस सॅमसंगने जाहीर केलेल्या ‘वन यूआय’ या नव्या मांडणीत दिसला. तिथे स्क्रीनचे उघड दोन भाग केले : वरचा भाग बघण्यासाठी, खालचा दाबण्यासाठी. सेटिंग उघडल्यावर वर मोठं नाव आणि मोकळी जागा दिसते. ती जागा वाया गेली असं वाटतं खरं, पण यादी अंगठ्यापर्यंत खाली यावी म्हणून ती मुद्दाम सोडलेली असते.

पुढे बाकीचेही त्याच वाटेने आले. २०२१ साली आयफोनच्या सफारीत पत्त्याची पट्टी तळाशी आली. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट, कॉल वगैरे खणांची पट्टी वर्षानुवर्षं माथ्यावर होती. ती २०२४ मध्ये खाली उतरली. फोनपे, पेटीएममध्ये स्कॅनचं बटण तळाशी मधोमध असतं. एका हातात भाजीची पिशवी धरून पैसे देणाऱ्याला त्याचं मोल कळतं. काही बटणं मात्र दूरच राहिलेली बरी. सगळं पुसून टाकणारं बटण अंगठ्याच्या वाटेत असेल, तर फोन नुसता सावरताना घात व्हायचा.

मराठी टाइप करणाऱ्यापुढे आणखी एक पेच आहे. कीबोर्ड तळाशी असतो, म्हणजे अंगठ्याच्या हद्दीत. तरी सात सेंटिमीटर रुंदीत एका ओळीत दहा कळा बसवल्या की प्रत्येक कळ जेमतेम सात मिलिमीटरची होते. स्पर्शाचं बटण साधारण नऊ मिलिमीटरचं असावं, असं गूगलचं मार्गदर्शन सांगतं. त्यात देवनागरीची अक्षरं जास्त, वर मात्रा आणि जोडाक्षरं. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या स्वरचक्र या कीबोर्डने यावर वेगळा तोडगा काढला. व्यंजनं शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडली. ‘क’वर बोट टेकवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु यांचं चक्र उमटतं आणि बोट त्या दिशेला सरकवलं की अक्षर तयार होतं. बोटाला मात्रेसाठी दुसरीकडे जावं लागत नाही, मात्राच बोटापाशी येते. कल्पना अस्सल आपल्या लिपीतून निघालेली आहे आणि ती अजून जास्त लोकांपर्यंत जायला हवी होती.

ज्यांचा हात लहान त्यांना हा ताण जास्त. बायकांचे हात सरासरीने पुरुषांपेक्षा लहान असतात, फोन मात्र दोघांना एकाच मापाचा मिळतो. दिवसभर अंगठा ताणून ताणून त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागलं तर दुर्लक्ष करू नये. फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली तिथल्या स्नायुबंधांच्या आजाराचं वर्णन केलं होतं, फोनच्या कितीतरी आधी. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्येही तो दिसतो. आईच्या कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात फोन असेल, तर दोन्ही मनगटांवर एकदमच भार येतो.

फोन बदलता येत नसला तरी घरबसल्या थोडी हलवाहलव करता येते. रोज लागणारी चार अ‍ॅप स्क्रीनच्या तळच्या ओळींत आणावीत, वरच्या ओळी मोकळ्या सोडाव्यात. क्रोमची पत्त्याची पट्टी आता अँड्रॉइडवरही खाली नेता येते. त्या पट्टीवर बोट दाबून धरलं की तसा पर्याय दिसतो. जीबोर्डमध्ये एका हाताचा पर्याय आहे, तो निवडला की कीबोर्ड आकसून डाव्या किंवा उजव्या कडेला जातो. डावखुऱ्यांनी तो जरूर करून पाहावा. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘वन-हँडेड मोड’ सुरू केला तर सगळा स्क्रीनच लहान होऊन कोपऱ्यात येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये हे बदल करून देताना मात्र त्यांना शेजारी बसवून, त्यांच्याच हातात फोन देऊन करावेत. कुठलं बटण कुठे हलवलं हे त्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सवयीच्या जागी अंगठा टेकेल आणि तिथे काहीच नसेल.

(पुढच्या आठवड्यात : मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा भर उन्हात फोनचा स्क्रीन दिसेनासा का होतो?)