पट्टीची नीना!

बोटांत बाख, गळ्यात ब्लूज आणि बाणा असा, की वर्णभेदी अमेरिकेलाही घाम फुटावा. जॅझच्या दुनियेतल्या नीना सिमोनचे हे झटपट किस्से. चला, व्हॉल्यूम वाढवा!

नावात काय नाही?
माहीत आहे का? 'नीना सिमोन' हे टोपणनाव आहे! नॉर्थ कॅरोलिनातल्या ट्रायॉन गावी १९३३ मध्ये जन्मलेली ही युनिस वेमन. आई चर्चमध्ये प्रवचन देणारी. लेक बारमध्ये 'सैतानाचं संगीत' वाजवते हे तिला कळलं असतं तर? म्हणून मित्राने ठेवलेलं लाडाचं 'नीना' घेतलं, फ्रेंच नटी सिमोन सिन्योरेचं 'सिमोन' जोडलं आणि काम फत्ते!

आधी आईबाबा, मग पियानो
शाळकरी वयातला कार्यक्रम. पुढे बसलेल्या आईवडिलांना गोऱ्या प्रेक्षकांसाठी उठवून मागे धाडलं. पोरगी हटून बसली. ते पुन्हा पुढे येईपर्यंत तिने एक सूर वाजवला नाही. शाब्बास!

बारमध्ये दूध
१९५४, अटलांटिक सिटीचा बार. गिऱ्हाईक दारू रिचवतंय आणि पियानोवाली पितेय दूध! मालकाने बजावलं, नोकरी हवी तर गावंही लागेल. तोवर ती फक्त पियानिस्ट होती. नाइलाजाने तोंड उघडलं आणि जगाला एक पट्टीची गायिका मिळाली.

जॅझमध्ये घुसला बाख
'लव्ह मी ऑर लीव्ह मी' ऐकलंय? मध्येच तिचा पियानो थेट जर्मन संगीतकार बाखच्या वळणावर जातो. एका हाताची धून दुसऱ्या हाताशी शिवाशिवी खेळते. कान टवकारून ऐका!

टाळ्या इकडे, अटक तिकडे
१२ एप्रिल १९६३. नीना पहिल्यांदा कार्नेगी हॉल गाजवते आणि त्याच दिवशी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात जातात. नाटककार मैत्रीण लोरेन हॅन्सबेरीचा फोन येतो. अभिनंदन राहिलं बाजूला, नागरी हक्कांच्या चळवळीसाठी तू काय करतेस, हा सवाल!

तासाभरात तोफ
उत्तर त्याच वर्षी आलं. सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला, चार मुली गेल्या. संतापलेल्या नीनाने तासाभरात 'मिसिसिपी गॉडॅम' लिहिलं. चाल नाटकातल्या गाण्यासारखी उडती, शब्द जळजळीत! दक्षिणेतल्या एका विक्रेत्याने रेकॉर्ड्सचं खोकं परत धाडलं, आत प्रत्येक रेकॉर्डचे दोन तुकडे. आणि २०१९ मध्ये? लायब्ररी ऑफ काँग्रेसने तेच गाणं राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायला घेतलं!

शवपेट्यांवर स्टेज
मार्च १९६५. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चातल्या लोकांसाठी मैफल, पण स्टेज कुठून आणायचं? रिकाम्या शवपेट्या मांडल्या, वर फळ्या टाकल्या. नीना त्यावर उभी राहून गायली.

नंबर ५ चा डबल धमाका
१९८७ मध्ये 'शनेल नंबर ५' या परफ्यूमच्या जाहिरातीत तिचं १९५०च्या दशकातलं 'माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी' वाजलं आणि ब्रिटनच्या चार्टवर पोचलं... पाचव्या नंबरवर! पण त्या रेकॉर्डिंगचे हक्क तिने कधीच ३,००० डॉलरला विकून टाकले होते. सुगंध त्यांचा, सूर तिचा, पैसा भलत्याचाच.

उशिराची पदवी
फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीत संस्थेने १९५१ मध्ये तिला प्रवेश नाकारला. कारण आपला रंग, ही खात्री तिने आयुष्यभर बाळगली. त्याच कर्टिसने २००३ मध्ये तिला मानद पदवी दिली. दोनच दिवसांनी, २१ एप्रिलला, नीना फ्रान्समध्ये गेली. बावन्न वर्षं लावली राव!

घर वाचलं!
तिचं ट्रायॉनमधलं जन्मघर पडायला आलं होतं. २०१७ मध्ये चार कृष्णवर्णीय चित्रकार-शिल्पकारांनी ९५,००० डॉलर मोजून ते वाचवलं.

आता एक होमवर्क. आज रात्री तिचं 'सिनरमन' लावा. दहा मिनिटांहून लांब आहे, पण पियानो थांबून टाळ्या सुरू होतात तिथवर पोचाच. स्किपला हात लावायचा नाही!