हात न लावता मोडलेला कोड

३० सप्टेंबर २०२३ रोजी वेर्कत्सॉइग या पायथन लायब्ररीची ३.० आवृत्ती आली, आणि व्यवस्थित चालणारी कितीतरी वेब-ॲप्स सर्व्हरवर नव्याने बसवताना सुरूच होईनात. त्यांच्या कोडमधला एक स्वल्पविरामही कुणी हलवला नव्हता. पडद्यावर शेवटची ओळ यायची: ‘इम्पोर्टएरर: कॅनॉट इम्पोर्ट नेम यूआरएल_कोट’.

हे कसं घडतं ते कळलं की पायथनकडे बघायची नजरच बदलते. वेर्कत्सॉइगवर उभ्या असलेल्या फ्लास्क या वेब-लायब्ररीला बोलावणारी ‘इम्पोर्ट फ्लास्क’ ही ओळ दिसायला साधी, पण पायथन ती वाचतो आणि शोधाला निघतो. आधी ‘सिस.मॉड्यूल्स’ या कोशात बघतो: हे मॉड्यूल याआधीच आणलंय का? नसेल तर स्वतःच्या पोटातली मॉड्यूल्स तपासतो, मग ‘सिस.पाथ’ यादीतले फोल्डर क्रमाने पालथे घालतो. फाइल सापडली की ती वरपासून खालपर्यंत चक्क चालवतो. त्या फाइलीत आणखी इम्पोर्ट असतात, त्यांच्यात आणखी. ‘पायथन -एक्स इम्पोर्टटाइम’ या पर्यायाने प्रोग्राम सुरू केला, तर हा सगळा पसारा मायक्रोसेकंदांच्या हिशेबासह डोळ्यांसमोरून सरकतो. एका फ्लास्कपायी शेकडो मॉड्यूल्स गोळा होतात. तुमचं ॲप कुठे तयार होऊन पडलेलं नसतं. ते दर वेळी, सुरू होताना, नव्याने जुळतं.

म्हणूनच शेजारी बदलला की आपलंही बिघडतं. फ्लास्क २.२.२ च्या आत वेर्कत्सॉइगकडून ‘यूआरएल_कोट’ मागणारी ओळ होती. वेर्कत्सॉइगने २.३ मध्ये ते फंक्शन जाणार असल्याची सूचना दिली आणि ३.० मध्ये काढून टाकलं. पण फ्लास्कने आपली गरज लिहून ठेवली होती ती ‘२.२.२ किंवा पुढची कोणतीही’ अशी. त्यामुळे लायब्ऱ्या आणून बसवणाऱ्या पिप या साधनाने ३.० आणून बसवली, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट: अशा मोडलेल्या ॲपवर ‘पिप चेक’ चालवलं, तर या जोडीबद्दल ते चकार शब्द काढत नाही. कागदावर सगळं जुळलेलं असतं. उपाय एका ओळीचा आहे. ॲपच्या गरजांची यादी ठेवणाऱ्या रिक्वायरमेंट्स फाइलीत ‘वेर्कत्सॉइग<३’ लिहा, किंवा मन घट्ट करून फ्लास्कच ३ वर न्या. दुसरा मार्ग मला अधिक पटतो, कारण पहिल्याने प्रश्न फक्त लांबणीवर पडतो.

‘नो मॉड्यूल नेम्ड…’ ही तक्रार मात्र वेगळ्या जातीची. पत्ता शोधत वाड्यात पोहोचावं आणि ते बिऱ्हाड सोडून गेलेलं असावं, ही झाली वरची चूक; इथे वाडाच सापडत नाही. बऱ्याचदा तो असतो, पण दुसऱ्याच गावात. एकाच लॅपटॉपवर दोन-तीन पायथन नांदत असतात. पिप एकात सामान ठेवतो आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालतो. नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न म्हणता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ म्हटलं, की जो पायथन चालवायचा त्यातच सामान उतरतं. नावंही चकवतात: कोडमध्ये ‘यामल’ लिहायचं पण इन्स्टॉल करायचं ‘पायवायएएमएल’, ‘पीआयएल’ हवं तर आणायचं ‘पिलो’. आणि कधी मॉड्यूल खरंच निवृत्त झालेलं असतं. जुन्या वेब-कार्यक्रमांचा आधार असलेलं ‘सीजीआय’ पायथन ३.१३ मधून वगळलं गेलं. ते आता कितीही शोधलं तरी पायथनसोबत मिळणार नाही.

आणखी एक गंमत. ‘सिस.पाथ’मध्ये पहिला मान असतो चालवलेल्या फाइलीच्या स्वतःच्या फोल्डरचा. म्हणून कुणी आपल्या सरावाच्या फाइलीला ‘रँडम.पीवाय’ नाव दिलं, की पायथन तीच उचलतो आणि मूळचं ‘रँडम’ झाकलं जातं. यातून येणाऱ्या चुकीने नवशिक्यांना वर्षानुवर्षं रडवलं. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला पायथन ३.१३ हे ओळखतो आणि थेट सुचवतो: तुमच्या या फाइलीचं नाव पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलसारखं आहे, ते बदलून बघा. फाइलीचा पूर्ण पत्ताही सोबत देतो.