स्मशानातली नोकरी आणि बाईचा हक्क

‘बायकांनी स्मशानात येऊ नये’ असे अजूनही बजावले जाते. बजावणाऱ्यांना आमचा साधा सवाल आहे. मेलेली बाई स्मशानात चालते, मग जिवंत बाई का चालत नाही? बाईचे काळीज म्हणे नाजूक! बाळंतपणे करणारी, आजाऱ्याची घाण काढणारी, मयताला आंघोळ घालणारी बाई नाजूक नसते. दारातून तिरडी उठली की मात्र ती एकदम नाजूक होते. हक्क नाकारण्याची ही युक्ती आहे.

ही युक्ती महाराष्ट्रात केव्हाच मोडली गेली आहे. 28 नोव्हेंबर 1890 रोजी महात्मा जोतीराव फुले यांचे निधन झाले. दत्तकपुत्र यशवंत यांच्या हक्कावर भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे धरले आणि जोतीरावांना अग्नी दिला.

आजचा सवाल मात्र अग्नी देण्यापुरता नाही. स्मशान ही कामाची जागा आहे. लाकूड मोजणे, चिता रचणे, दाहिनी चालवणे, राख भरणे, शववाहिका चालवणे ही सारी कामेच आहेत. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने तर स्मशान सांभाळणाऱ्यावर मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे हे लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचेही काम आहे. ते बाईने का करू नये? चेन्नईत प्रवीणा सॉलोमन या महिलेने 2014 साली एका स्मशानभूमीचा कारभार हाती घेऊन दाखवला.

आमच्या भिवंडीकडे पाहा. यंत्रमागाच्या या शहरात मुस्लिम समाज मोठा आहे. मुस्लिम बाईच्या मयताला गुस्ल बायकाच देतात, कफनही त्याच घालतात. म्हणजे अंत्यविधीचे कौशल्य बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. हिंदू असो वा बौद्ध, घरात बाईच्या मयताची शेवटची आंघोळ बायकाच घालतात. पण या कामाला पुण्य, सवाब, सेवा असे नाव दिले की मजुरीचा विषयच संपतो!

इथे आम्हाला एक इशाराही द्यायचा आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने महिलांना पौरोहित्य शिकवले, त्यांच्यातल्या काही अंत्यसंस्कारही करतात. त्यांचे कौतुक झाले, व्हायलाच हवे. पण मंत्र म्हणणाऱ्या बाईचा सत्कार आणि राख उपसणाऱ्या बाईकडे पाठ, हा न्याय कुठला? मरणाची वर्दी गावोगाव पोहोचवणे, चितेसाठी लाकडे वाहणे आणि बदल्यात प्रेतावरचे कापड घेणे, ही महारकी आमच्या आज्यापणज्यांनी भोगली आहे. त्या वतनी गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे त्यांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलन’ या पुस्तकात ठणकावून मांडले. म्हणून स्मशानातल्या नोकऱ्या महिलांना द्यायच्या म्हणजे ठेकेदाराने पुन्हा त्याच वस्तीतल्या विधवा बाईला तुटपुंज्या मजुरीवर उभे करायचे, असे होणार असेल तर आमचा त्याला विरोध आहे. जन्माने लादलेले काम ती गुलामगिरी आणि स्वतः निवडलेले, पगार, पद व प्रतिष्ठा असलेले काम तो व्यवसाय. हा फरक आपल्या लेकीबाळींनीही ओळखला पाहिजे.

मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागा पुरवणे आणि बेवारस प्रेतांची व्यवस्था करणे हे 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाने पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. ते कोणाच्या दानधर्मावर सोडलेले नाही. म्हणून भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेकडे आमची मागणी आहे. स्मशानभूमी, दफनभूमी आणि शववाहिका यांवरील जागा भरताना सर्व जातिधर्मांच्या महिलांना अर्ज करू द्या. नेमणूक कायम पदावर, पगार बँकेत, दाहिनी चालवण्याचे रीतसर प्रशिक्षण, हातमोजे, बूट, लसीकरण, आणि स्मशानात महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, एवढे तरी द्या. बेवारस महिलेचे प्रेत येते तेव्हा ते सन्मानाने हाताळायला एक बाई हजर असावी, हे मागणे काही जगावेगळे नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला माणसाप्रमाणे जगायला शिकवले. मेलेल्या माणसाची माणसाप्रमाणे पाठवणी करणाऱ्या हातांनाही माणसाचा मोबदला मिळालाच पाहिजे.