उत्तर आलं नाही, म्हणजे नेमकं काय झालं?

आजचा विषय सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे. एका संगणकाने दुसऱ्याला पाठवलेला निरोप पोचला नाही तर काय करायचं, आणि पुन्हा पाठवायचा झाला तर तो कसा पाठवायचा? तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांनी यात बोलायचं कारण एवढंच की, या प्रश्नाच्या मुळाशी यंत्र नाही, ज्ञान आहे. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, हे न ओळखता कृती केली की पैसे दोनदा जातात.

उदाहरण इथलंच घेऊ. हिवाळ्यात मेहरूणची बोरं विकायला बसलेल्या एखाद्या मावशींकडून आपण साठ रुपयांची बोरं घेतली. कोड स्कॅन केला, पिन टाकला, पैसे कटल्याचा बँकेचा मेसेज आला. पण मावशींच्या साउंडबॉक्समधून आवाज काही आला नाही. आपल्या फोनवर ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतंय. मावशी म्हणतात, “भाऊ, आले नाहीत.” आता पुन्हा पाठवायचे का? पाठवले तर आपले कदाचित दोनदा जातील. न पाठवता निघालो तर मावशींची बोरं कदाचित फुकट जातील. ज्यांचं घर रोजच्या विक्रीवर चालतं त्यांना साठ रुपये लहान नसतात.

पडद्यामागे काय घडलं ते पाहू. यूपीआय ही व्यवस्था २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे एनपीसीआयने सुरू केली. आपलं ॲप एनपीसीआयला निरोप देतं. एनपीसीआय आपल्या बँकेला सांगते, ‘साठ रुपये कापा.’ ‘कापले’ असं उत्तर आलं की मावशींच्या बँकेला सांगते, ‘साठ रुपये जमा करा.’ मग तिचं उत्तर, आणि शेवटी दोन्हीकडे खबर. मोठ्या कंपन्यांतही हेच चालतं. विक्रीचं सॉफ्टवेअर गोदामाच्या सॉफ्टवेअरला निरोप देतं, गोदामाचं हिशेबाच्या सॉफ्टवेअरला. साखळी तीच, माल वेगळा.

या साखळीत प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी घडू शकतात. ‘हो’ असं उत्तर येतं. ‘नाही’ असं उत्तर येतं. किंवा काहीच येत नाही. पहिल्या दोन सोप्या आहेत. ‘नाही’चेही दोन प्रकार आहेत, तेवढे लक्षात ठेवावेत: ‘आत्ता गर्दी आहे’ हा नकार तात्पुरता, तिथे पुन्हा विचारण्यात अर्थ आहे, ‘असं खातंच नाही’ हा नकार कायमचा, तिथे हजारदा विचारून उपयोग नाही. खरी अडचण आहे ती तिसऱ्या गोष्टीची, शांततेची.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर फार बारीक विचार झालेला आहे. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशावरून कळतं? घट दिसत नाही, यावरून. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती याला अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक तसं मानत नाहीत. वाद मोठा आहे, पण त्यातली एक अट आपल्या कामाची आहे. ते न दिसणं ‘योग्य’ हवं. म्हणजे उजेड हवा, डोळे धड हवेत, घट असता तर तो दिसलाच असता अशी स्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही.

संगणकातला ‘टाइमआउट’ हा असा अंधार आहे. अमुक सेकंदांत उत्तर आलं नाही, एवढंच तो सांगतो. निरोप जाताना हरवला, समोरच्याने काम केलं पण त्याचं उत्तर येताना हरवलं, की तो अजून काम करतोच आहे, हे पाठवणाऱ्याला इथून दिसत नाही. पोच मागावी, तर पोचही हरवू शकते. मग पोचेची पोच, तिचीही पोच. संगणकशास्त्रात याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणतात. हरवू शकणाऱ्या निरोपांतून दोन्ही बाजूंना शंभर टक्के खात्री कधीच मिळत नाही, हे १९७० च्या दशकातच दाखवून झालं आहे. चांगलं नेटवर्क घेतलं तर अंधार कमी होतो, पण संपत नाही.

मग करायचं काय? पुन्हा पाठवायचं, पण दोनदा पोचलं तरी काम एकदाच होईल अशा रीतीने. घरात आपण म्हणतो, “दिवा लाव.” दोनदा म्हटलं तरी दिवा लागलेलाच राहतो. पण “बटण दाब” असं दोनदा म्हटलं तर दिवा विझतो. पहिल्या प्रकारच्या आज्ञेला ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात. हा शब्द बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञाने १८७० साली बीजगणितात आणला. पैसे पाठवणं हे मुळात बटण दाबण्यासारखं आहे. त्याला दिवा लावण्यासारखं करायचं तर निरोपावर एक क्रमांक घालावा लागतो, आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक ठेवावा लागतो. घेणारा वही पाहतो: हा क्रमांक आधी येऊन गेला आहे का? असेल तर पैसे पुन्हा न देता जुनंच उत्तर परत पाठवतो.

मावशींसमोर उभे असताना आपण चुकतो ते इथे. ॲपमध्ये पुन्हा साठ रुपये टाकून पिन दिला की आपल्याला वाटतं, आपण तोच निरोप पुन्हा पाठवला. व्यवस्थेच्या लेखी तो नवा क्रमांक, नवा व्यवहार. म्हणून आधी जुन्या व्यवहाराची स्थिती पाहावी.

दुसरा प्रश्न, किती वेळा पुन्हा विचारायचं? आपल्याकडे लाइट गेली आणि परत आली, की शेतातल्या ऑटोवर ठेवलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपी उडते. संगणकांचंही तसंच होतं. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय काही तास अडखळलं. नंतर एनपीसीआयने जे कारण सांगितलं ते विचार करण्यासारखं आहे: ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ ही चौकशीच बँकांकडून प्रचंड संख्येने येत होती, जुन्या व्यवहारांचीसुद्धा. त्यानंतर अशा चौकशीवर तीन वेळांची मर्यादा आली, आणि मध्ये थांबण्याचा नियमही आला. शहाणं सॉफ्टवेअर आधी एक सेकंद थांबतं, मग दोन, मग चार, मग आठ. त्यात थोडा कमीजास्त फरकही टाकतं, म्हणजे सगळे एकदम दारात येत नाहीत.

आणि एवढं करूनही जे निरोप अडकले, त्यांचं काय? टपाल खात्याने यावर फार आधी उपाय काढला होता. ज्या पत्राचा घेणारा सापडत नाही आणि पाठवणाराही बाहेरून कळत नाही, ते पत्र ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये जाई. तिथले अधिकृत कर्मचारी ते उघडून पाठवणाऱ्याचा पत्ता शोधत. पुढे त्या कचेरीचं नाव ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ झालं. ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ यांच्या २००३ च्या ‘एंटरप्राइझ इंटिग्रेशन पॅटर्न्स’ या पुस्तकात ‘डेड लेटर चॅनल’ आहे, तो टपालाचाच शब्द. पण कित्येक कचेऱ्यांत शब्द घेतला आणि कारकून घेतला नाही. निरोप त्या रांगेत पडून राहतात, कोणी उघडून पाहत नाही. प्रत्येक अडकलेल्या निरोपामागे कुणाची तरी मागणी, कुणाचा तरी पगार असतो. म्हणून निरोपासोबत तो का अडकला, किती वेळा पाठवला हे लिहिलेलं हवं, आणि रोज सकाळी तो पाहणारा माणूस नेमलेला हवा.

पैशाच्या बाबतीत ही जबाबदारी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरवून दिली. यूपीआयने खात्यातून खात्यात पाठवलेले पैसे कटले आणि समोर जमा झाले नाहीत, तर ते उशिरात उशिरा दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री त्याच्यापर्यंत आली नाही, तर पाच दिवसांत. त्यापुढे दर दिवशी शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. अंधार हटवता येत नाही. पण अंधारात किती वेळ ठेवायचं आणि त्याची किंमत कुणी मोजायची, हे ठरवता येतं.

तेव्हा पैसे अडकले की मावशींशी हुज्जत घालू नये. त्या खोटं बोलत नाहीत आणि आपणही नाही. दोघांनाही एकाच व्यवहाराची वेगवेगळी टोकं दिसत असतात. व्यवहाराचा क्रमांक जपावा, दोन मिनिटं थांबून स्थिती पाहावी. घाई असेल आणि खिशात असतील तर मावशींना रोख द्यावेत, कारण थांबण्याची ऐपत बहुधा आपली जास्त असते. अडकलेले पैसे नंतर मावशींकडेच जमा झाले, तर पुढच्या खेपेला बोरं घेताना हिशेब करता येईल.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.