भर दुपारी पथदिवे चालू? आधी बघा, सगळे जळताहेत की एकदोनच

गावात दिवसाढवळ्या खांबावरचा दिवा जळताना दिसला की आपण म्हणतो, "पंचायतीचं लक्ष नाही." पण सगळे दिवे जळताहेत की एकदोनच, यावरून दुखणं वेगळं निघतं. त्यासाठी हे कनेक्शन कसं असतं ते समजून घ्यायला हवं.

खांबावरच्या लाईनीत तीन फेज आणि एक न्यूट्रल असते. बऱ्याच गावांत आणखी एक, पाचवी तार असते. ती फक्त पथदिव्यांची. डीपीजवळच्या पेटीत महावितरणचा सीलबंद मीटर असतो. मीटरमधून वीज एमसीबीत, तिथून कॉन्टॅक्टरमध्ये आणि मग पाचव्या तारेत जाते. कॉन्टॅक्टर म्हणजे आपोआप चालू-बंद होणारं मोठं बटण. त्याला हुकूम टायमर देतो. संध्याकाळी तारेत वीज सोडायची, पहाटे तोडायची.

आता दिवसा सगळेच दिवे चालू असतील तर दोष पेटीत आहे. कॉन्टॅक्टर चिकटला असेल, टायमरची वेळ सरकली असेल (लाईट गेली की जुने काट्याचे टायमर मागे पडतात), नाहीतर कुणीतरी कंटाळून टायमर वगळून थेट वायर जोडली असेल. शेवटचा प्रकार महागात पडतो.

एकदोनच दिवे जळत असतील तर बहुधा त्या दिव्याची वायर पाचव्या तारेऐवजी शेजारच्या फेजला अडकवलेली असते. हा दिवा मीटरच्या बाहेर चालतो. फुकट मिळतंय म्हणून खूश होऊ नका. वीज कायदा २००३ नुसार पुरवठा मीटरमधूनच घ्यायचा असतो, आणि मीटर टाळून घेतलेली वीज कलम १३५ खाली चोरी ठरू शकते.

हिशोब सोपा आहे. ४० वॅटचे ५० एलईडी दिवे म्हणजे २ किलोवॅट. रात्री ११ तास चालले तर २२ युनिट, महिन्याला ६६०. तेच दिवे चोवीस तास जळले तर महिन्याला १,४४० युनिट. जास्तीचे ७८० युनिट कुणाच्याच उपयोगाचे नाहीत, पण बिल गावाच्या माथी. थकबाकीपायी अनेक गावांचे पथदिवे तोडले गेल्याचं २०२१ मध्ये आपण पाहिलंय. पुढे पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ही बिलं भरायला शासनाने मुभा दिली. म्हणजे तो पैसा गावाच्या दुसऱ्या कामातून गेला.

तपासणी कुणालाही करता येते, पेटीला हात न लावता. दिवे लागण्याआधी मीटरच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो काढा, दिवे विझल्यावर दुसरा, पुन्हा संध्याकाळी तिसरा. पहिल्या दोनमधला फरक तुमच्या दिव्यांच्या हिशोबाच्या आसपास हवा. फारच जास्त आला तर दिव्याच्या तारेवर कुणाचा तरी आकडा आहे का बघा. फार कमी आला तर दिवे बंद आहेत किंवा मीटरबाहेर जोडलेत. दुसऱ्या-तिसऱ्यात फरक जवळपास शून्य हवा. तिथे युनिट पडले तर दिवसा वीज चाललीय. आणि बिलावर दरमहा तोच तो आकडा येत असेल, तर मीटर बंद आहे की रीडिंगच होत नाही, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा.

दुरुस्ती कुणी करायची? मीटरपर्यंतचं काम महावितरणचं, पुढची पेटी आणि दिवे पंचायतीचे. पण तार महावितरणच्या खांबावर आहे, त्यामुळे लाईनमनने लाईन बंद केल्याशिवाय गावातल्या पोराला वर चढवू नका, मग तो कितीही हुशार वायरमन असो. नवीन कनेक्शन घ्यायचं तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. पेटीला अर्थिंग आणि कुलूप दोन्ही हवं. पावसाळ्यात उघडी पेटी पोरांच्या हाताला लागेल अशा उंचीवर दिसली, तर वाट न बघता १९१२ वर कळवा. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि डीपीची खूण हाताशी ठेवा, लाईनमनला जागा लवकर सापडते.