पोटगी आणि पितृत्वाचा वाद

मुलाचा हक्क

मुलाची पोटगी आईवडिलांच्या विवाहावर अवलंबून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 (1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125) औरस आणि अनौरस अशा दोन्ही अपत्यांना हा हक्क देते. पत्नी माहेरी कराडला राहत असेल, तर पती परराज्यात असला तरी अर्ज कराडला दाखल होऊ शकतो.

पितृत्वाचे गृहीतक

विवाह कायम असताना, किंवा तो संपल्यावर आईने पुनर्विवाह केला नसताना 280 दिवसांच्या आत जन्मलेले मूल पतीचेच मानले जाते. साक्ष अधिनियमाचे कलम 116 (जुने 112) हा निर्णायक पुरावा मानते. गर्भधारणेच्या संभाव्य काळात पतिपत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती, एवढे सिद्ध झाले तरच गृहीतक ढळते. नुसता संशय पुरत नाही.

'संधी' म्हणजे काय

अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातला जवान सीमेवर असतो. विटा-आटपाडीकडचा गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी दूरच्या शहरात दुकान थाटतो. अशा घरांत वाद उद्भवला की रजेची नोंद आणि प्रवासाची तिकिटे महत्त्वाची ठरतात. त्या काळात जवान आठवडाभर जरी घरी येऊन गेला असेल, तरी संधी होती असेच धरले जाते. केवळ अंतराने ती नाकारता येत नाही.

डीएनए चाचणी

ही चाचणी मागेल त्याला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये रक्तचाचणीबाबत तसे बजावले. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या वादात, फेब्रुवारी 2023 मध्ये, याच न्यायालयाने पत्नीच्या व्यभिचाराचा पुरावा म्हणून मुलाची चाचणी करण्यास नकार दिला. हे योग्यच आहे, कारण आईवडिलांच्या भांडणात मूल पक्षकार नसते. मात्र चाचणी आधीच झाली असेल तर? नागपूरकडील खटल्यात दोन अहवालांनी पितृत्व नाकारले होते. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शास्त्रीय सत्याला गृहीतकापेक्षा वरचे स्थान दिले आणि मुलीची पोटगी थांबवली; दिलेली रक्कम मात्र परत मागू दिली नाही.

वसुली

सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2020 च्या निकालापासून दोन्ही पक्षांना मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. पुरेशा कारणाशिवाय ती थकवल्यास वॉरंट निघते. तरीही बाकी राहिलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. जवानाच्या पगारातून मुलाच्या पोटगीची कपात करण्याची तरतूद सेना अधिनियम 1950 मध्ये आहे, आणि तिथेही अनौरस अपत्य वगळलेले नाही. सातारा-सांगलीची उच्च न्यायालयातील प्रकरणे 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात.