सद्हेतूचा कायदा आणि गुंडांची सुगी

दारूनें घरेंच्या घरें धुळीस मिळतात, ही गोष्ट कोणास पटवून देण्याची आवश्यकता नाहीं. तेव्हां दारू मुळींच बंद करणारा कायदा झाला तर समाजाचें कल्याण झालेंच पाहिजे, असें सरळ मनाच्या माणसास वाटणें स्वाभाविक आहे. अशा कायद्याचा प्रयोग एका मोठ्या, संपन्न व सुशिक्षित राष्ट्रानें सुमारें चौदा वर्षें करून पाहिला. तें राष्ट्र म्हणजे अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें. त्या प्रयोगाचा निकाल काय लागला आणि कां लागला, हें प्रत्येक विचारी कुटुंबानें समजून घेण्याजोगें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही दारूबंदी कोणा सत्ताधीशाची लहर नव्हती. एकोणिसाव्या शतकांत तेथील 'सलून' नांवाच्या गुत्त्यांत कित्येक मजुरांचा आठवड्याचा पगार एका रात्रींत संपे, आणि घरीं बायकामुलें उपाशी राहत. त्या स्त्रियांना बहुतेक ठिकाणीं मताचा अधिकारही नव्हता. अशा परिस्थितींत १८७४ सालीं स्त्रियांनीं आपला मद्यनिषेधक संघ स्थापन केला. फ्रान्सिस विलर्ड या कर्तबगार विदुषीनें तो देशभर पसरविला. पुढें १८९३ सालीं स्थापन झालेल्या 'सलूनविरोधी संघा'नें निवडणुकींच्या मार्गानें कायदेमंडळें हालवून सोडलीं. दारूवरील कर हें सरकारी उत्पन्नाचें एक मोठें अंग होतें. पण १९१३ मध्यें प्राप्तीवरील कराची सोय झाल्यामुळें तीही अडचण उरली नाहीं. जानेवारी १९१९ मध्यें राज्यघटनेची अठरावी दुरुस्ती मंजूर झाली. अठ्ठेचाळीस संस्थानांपैकीं केवळ कनेक्टिकट व ऱ्होड आयलंड यांनींच तिला संमति दिली नाहीं. १७ जानेवारी १९२० पासून मद्य तयार करणें, विकणें व वाहून नेणें हा गुन्हा ठरला.

मात्र पिणें हा गुन्हा ठरला नाहीं! विकणारा गुन्हेगार, आणि विकत घेऊन पिणारा मोकळा. या एका विसंगतींत पुढील अनर्थाचें बीज आहे. मागणी जशीच्या तशी उभी राहिली, आणि ती पुरविणारा परवानेवाला दुकानदार तेवढा नाहींसा झाला. ती रिकामी जागा कोण भरणार? ज्यास कायद्याचें भय होतें तो या धंद्यांतून बाहेर पडला. ज्यास तें नव्हतें तो आंत शिरला.

शिवाय पळवाटा होत्याच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळे. सिनसिनाटीच्या जॉर्ज रीमस नांवाच्या वकिलानें ही तरतूद बारकाईनें वाचली, मद्याचे कारखाने व औषधांच्या कंपन्या विकत घेतल्या, आणि 'औषधी' व्हिस्की चोरट्या बाजारांत वळवून अल्पावधींत अफाट संपत्ति मिळविली. आपल्याच गाड्या आपल्याच माणसांकडून लुटविण्याची युक्तिही त्यानें योजिली होती!

चोरट्या व्यापाराचा स्वभावच असा कीं, जें थोड्या जागेंत मावेल व अधिक भाव आणील तेंच त्यांत खपतें. म्हणून सौम्य बीअरपेक्षां जहाल मद्यास बरकत आली. कारखान्यांसाठीं लागणारा मद्यार्क पिण्यास अयोग्य व्हावा म्हणून सरकारी नियमानेंच त्यांत विषारी द्रव्यें मिसळीत. तोच मद्यार्क चोरून, अर्धवट शुद्ध करून विकला जाई, आणि १९२६ च्या नाताळांत न्यूयॉर्कमध्यें असें मद्य पिऊन अनेक जण प्राणांस मुकले. १९३० मध्यें सुंठीच्या अर्कांत भेसळ होऊन हजारों गरीब माणसें पायांनीं कायमचीं अधू झालीं.

आतां गुंडगिरीचा विचार करूं. एरव्हीं व्यापाऱ्याचे पैसे बुडाले किंवा करार मोडला तर तो न्यायालयांत जातो. निषिद्ध धंद्यास न्यायालय नाहीं. त्याचा न्याय पिस्तुलानेंच व्हावयाचा. शिकागो शहरांत जॉनी टोरियोनें टोळ्याटोळ्यांत प्रदेश वांटून हा व्यापार शिस्तींत चालविण्याचा प्रयत्न केला. परंतु वांटणी मोडली कीं रक्त सांडे. नोव्हेंबर १९२४ मध्यें डीन ओबॅनियन हा प्रतिस्पर्धी आपल्या फुलांच्या दुकानांत मारला गेला. पुढल्याच जानेवारींत टोरियोवर गोळ्या झाडण्यांत आल्या, आणि तो घायाळ होऊन निवृत्त झाला. त्याची गादी अवघ्या सव्वीस वर्षांच्या अल कपोनकडे आली. १४ फेब्रुवारी १९२९ रोजीं एका मोटारगाड्यांच्या शेडमध्यें सात माणसांना भिंतीशीं उभें करून ठार करण्यांत आलें. मारेकऱ्यांपैकीं कांहींच्या अंगावर पोलिसांचा पोशाख होता. या हत्याकांडाबद्दल कोणासही शिक्षा झाली नाहीं.

आणि पोलीस? हजारों मैलांची सरहद्द व समुद्रकिनारा असलेल्या देशांत प्रारंभीं दारूबंदीचे अवघे दीड हजारांच्या आसपास अंमलदार नेमले होते. पगार तुटपुंजे, आणि १९२७ पर्यंत नेमणुका परीक्षेनें नव्हे तर राजकीय वशिल्यानें होत. अशा माणसापुढें एका रात्रीच्या डोळेझांकीसाठीं महिन्याच्या पगाराहून मोठी रक्कम आली तर काय व्हावें, हें सांगावयास नको. जो पैसा पूर्वीं कर म्हणून खजिन्यांत जाई, तोच आतां लांच म्हणून खिशांत जाऊं लागला. सिॲटल शहरांत तर रॉय ओल्मस्टेड हा पोलीस खात्यांतील लेफ्टनंटच चोरट्या दारूचा मोठा व्यापारी बनला.

कपोनवर खुनाचा आरोप शाबीत होईना. शेवटीं सरकारला आडवाट धरावी लागली. बेकायदा उत्पन्नावरही कर द्यावाच लागतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९२७ मध्यें दिला होता. त्याच्या आधारें ऑक्टोबर १९३१ मध्यें कर चुकविल्याबद्दल कपोनला अकरा वर्षांची कैद झाली.

या कायद्यापासून लाभ कांहींच झाला नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणें प्रारंभीं मद्यपान पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें खालीं आलें. यकृताच्या रोगानें होणारे मृत्युही घटलेले होते. परंतु चोरट्या बाजाराची घडी बसतांच तें पुनः वाढून पूर्वीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर गेलें. म्हणजे दारू बरीचशी परत आली, आणि तिच्याबरोबर टोळ्या व लांचलुचपत फुकट पदरीं पडल्या.

विशेष लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा कायदा आणण्यांत जशा स्त्रिया पुढें होत्या, तशाच तो घालविण्यांतही होत्या. पॉलिन सेबिन या बाईंनीं प्रथम आपल्या मुलांच्या हितासाठींच दारूबंदीस पाठिंबा दिला होता. पण कायदे करणारे पुढारी स्वतः चोरून पितात आणि मुलें राज्यघटनेचा अनादर करीतच वाढतात, हें पाहून त्यांनीं १९२९ मध्यें स्त्रियांचीच दारूबंदीविरोधी संघटना उभारली. ५ डिसेंबर १९३३ रोजीं एकविसाव्या दुरुस्तीनें अठरावी रद्द झाली. पुढील वर्षांत खुनांचें प्रमाण उतरलें. पण पोसलेल्या टोळ्या मात्र विरघळल्या नाहींत. त्या जुगाराकडे व खंडणीकडे वळल्या.

हा धडा आपल्याला परका नाहीं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्ट्यांना ऊत आला, आणि मुंबईंतील वरदराजन मुदलियारसारख्यांचें बस्तान त्याच दारूवर बसलें. चंद्रपूर जिल्ह्यांत स्त्रियांच्या दीर्घ चळवळीनंतर २०१५ मध्यें दारूबंदी झाली. अवैध दारू व गुन्हे वाढल्याचें कारण देऊन सरकारनें ती २०२१ मध्यें उठविली. दोन्ही ठिकाणीं त्या स्त्रियांचें दुःख खोटें नव्हतें, आणि अमेरिकेंतील भगिनींचेंही नव्हतें.

मग चूक कोठें झाली? कपोन हा गुंड खरा. पण त्याचा पैसा कोठून आला? तो आला वकील, व्यापारी, अधिकारी अशा सभ्य गृहस्थांच्या खिशांतून. दिवाणखान्यांत पाहुण्यांसाठीं बाटली उघडणाऱ्या यजमानास शिकागोच्या भिंतीशीं पडलेलीं प्रेतें दिसत नव्हतीं इतकेंच. जो कायदा मोडतांना प्रतिष्ठित माणसालाच लाज वाटत नाहीं, त्याचें रक्षण पोलीस कोठवर करणार? कायदा करण्यापूर्वीं तो पाळण्याची समाजाची तयारी किती आहे, हें पाहिलें पाहिजे; आणि ती तयारी कायदेमंडळांत होत नसून घराघरांत होत असते. वडील माणसांनीं कायदा चोरून मोडला, तर मुलें शिकतात ती दारूपेक्षांही वाईट गोष्ट.